सर्व्हर स्लो आहे, पण किती?

कुणी पुण्या-नाशकातून ऐकत असेल, कुणी इंदूर, हैदराबाद, बंगळुरूहून. आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या टेबलावरचाच आहे. ऑफिसमध्ये पाच-सात कॉम्प्युटर असतात, कोपऱ्यात एक सर्व्हर असतो आणि सगळ्यांच्या फायली त्याच्यावर असतात. दिवसातून एकदा तरी कुणीतरी म्हणतंच, ‘‘आज सर्व्हर फार स्लो आहे हो.’’ आज आपण एवढंच बघणार आहोत, की हे वाक्य ऐकल्यावर पुढे काय करायचं. माझं उत्तर सोपं आहे. आधी मोजायचं. आणि मोजायचं कसं, त्यात फसायला कुठे होतं, हेच आजचं बोलणं.

मी छोट्या ऑफिसांची नेटवर्कं सांभाळतो. काही वर्षांपूर्वी बडोद्याला लग्नाचे अल्बम डिझाइन करणाऱ्या एका ऑफिसमधून मला बोलावणं आलं. सात डेस्कटॉप, एक सर्व्हर. मालकांनी खुर्चीवर बसायच्या आधीच सांगितलं, ‘‘नवीन सर्व्हरचं कोटेशन द्या. हा बदलायचाच आहे.’’ मी विचारलं, ‘‘त्रास नेमका काय होतोय?’’ तर म्हणाले, ‘‘सगळंच स्लो. आणि आमचे एक काका आहेत, जुने डिझायनर. हात सोन्याचा, पण आता त्यांचं वय झालं. बाकीची मुलं दिवसाला दोन अल्बम काढतात, काकांचा एक होत नाही. त्यांना मागच्याच वर्षी नवा कॉम्प्युटर घेऊन दिला, तरी तेच.’’

काका कोपऱ्यात बसले होते. त्यांना हे ऐकू गेलं असणार, पण त्यांनी मान वर केली नाही. नंतर मला कळलं, की ऑफिस दहाला उघडायचं आणि काका आठलाच यायचे. कशासाठी? तर सर्व्हरवरून फोटो आपल्या मशीनवर उतरवून ठेवायला.

मी म्हणालो, ‘‘साहेब, कोटेशन देतो. पण आधी अर्धा दिवस मोजू द्या.’’ त्या अर्ध्या दिवसात काय निघालं ते पुढे सांगतो. आधी मोजमापाची भाषा समजून घेऊ.

बिट आणि बाइट

पहिला गोंधळ इथेच होतो. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार बाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. इंग्रजीत लिहिताना छोटा बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाइट असा फरक करता येतो. आपल्या देवनागरीत छोटं-मोठं अक्षर नाही, ‘एमबी’ लिहिलं की दोन्ही सारखंच. म्हणून बोलताना आणि लिहिताना पूर्ण शब्द वापरा: मेगाबिट, मेगाबाइट. फोनवर कुणी ‘‘शंभरचा स्पीड येतोय’’ म्हणालं, की पहिला प्रश्न हाच विचारायचा: शंभर काय? कारण सेकंदाला शंभर मेगाबाइट ही आपल्या ऑफिसच्या नेटवर्कसाठी उत्तम गोष्ट आहे आणि शंभर मेगाबिट म्हणजे काहीतरी बिघडलेलं आहे.

दुसरा गोंधळ हजार आणि १०२४ चा. नेटवर्कवाले आणि डिस्क विकणारे मेगा म्हणजे दहा लाख धरतात. विंडोज मात्र मेगाबाइट म्हणताना १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०,४८,५७६ बाइट धरतं. फरक पाच टक्क्यांच्या आतला आहे, पण दोन वेगवेगळ्या साधनांचे आकडे शेजारी ठेवले की तो डोळ्यात येतो. दोन्हीकडे बरोबरच मोजलेलं असतं, फक्त माप वेगळं असतं.

जास्तीत जास्त किती?

मोजण्याआधी आकडा किती यायला हवा हे माहीत पाहिजे. नाहीतर आलेला आकडा चांगला की वाईट हे ठरवणार कसं?

आज बहुतेक ऑफिसांत गिगाबिट इथरनेट असतं. सेकंदाला १०० कोटी बिट. आठने भागा, १२.५ कोटी बाइट, म्हणजे १२५ मेगाबाइट. पण हे सगळे १२५ तुमच्या फाइलच्या वाट्याला येत नाहीत. नेटवर्कवर माल सुटा जात नाही, पार्सल करून जातो. एका पार्सलमध्ये साधारण १५०० बाइट मावतात. त्यातले ४० बाइट पत्ता आणि क्रमांक लिहिण्यात जातात, काही ठिकाणी वेळेचा शिक्का असतो तेव्हा ५२. शिवाय पार्सलचं बाहेरचं वेष्टण आणि दोन पार्सलांमधली सक्तीची मोकळी जागा मिळून आणखी ३८ बाइट. म्हणजे तारेवर १५३८ बाइटांची जागा अडते आणि त्यात तुमचा माल १४४८ किंवा १४६०.

हिशेब केला तर ९४-९५ टक्के भरतात. म्हणजे १००० मेगाबिटपैकी ९४१ ते ९४९ मेगाबिट. विंडोजच्या मापात सेकंदाला ११२-११३ मेगाबाइट. हा आकडा पाठ करून ठेवा. गिगाबिटच्या तारेवर फाइल कॉपी करताना १०५ ते ११३ दिसत असेल, तर नेटवर्कचं काम झकास चाललंय. आणि ११ च्या आसपास दिसत असेल, तर तुमची लाइन गिगाबिटवर नाहीच, ती १०० मेगाबिटवर चाललीय. ११ हा आकडा दिसला की मला पुढचं फारसं विचारावं लागत नाही.

वाट कुठून कुठे जाते

एक फाइल सर्व्हरवरून तुमच्या मशीनवर येते तेव्हा ती कुठून कुठून जाते बघा. सर्व्हरची डिस्क, सर्व्हरची मेमरी, त्याचं नेटवर्क कार्ड, केबल, स्विच, कधी दुसरा स्विच, पुन्हा केबल, भिंतीतलं सॉकेट, तुमच्या मशीनचं कार्ड आणि शेवटी तुमची डिस्क. मध्ये अँटीव्हायरसही उघडून बघणार. या सगळ्यात जो सर्वात हळू, त्याचाच वेग तुम्हाला मिळणार. चार पदरी रस्त्यावर कुठेतरी एक अरुंद पूल असला, तर गाड्या पुलाच्याच वेगाने जातात.

म्हणून एकदम फाइल कॉपी करून ‘‘स्लो आहे’’ एवढंच कळतं, कुठे स्लो आहे ते कळत नाही. त्यासाठी वाटेचे तुकडे करून मोजायचं. मी चार पायऱ्या करतो.

पहिली पायरी: लिंक बघा

याला काही मोजावंही लागत नाही. विंडोजमध्ये नेटवर्क अडॅप्टरचं स्टेटस उघडा, तिथे स्पीड लिहिलेला असतो. १.० जीबीपीएस हवा. १०० एमबीपीएस असेल तर इथेच थांबा आणि केबल तपासा. लिनक्सवर इथटूल नावाची आज्ञा हेच सांगते. बऱ्याच स्विचवर पोर्टच्या दिव्याचा रंगही वेगानुसार बदलतो, कोणता रंग कशाचा हे स्विचवर नाहीतर त्याच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं.

लिंक १०० वर का घसरते? इथरनेटच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार तुटली, क्रिंपिंग करताना नीट बसली नाही, किंवा जुन्या माणसाने ‘‘दोन जोड्या पुरतात की’’ म्हणून चारच तारा लावल्या, तर बहुतेक कार्डं तक्रार न करता गुपचूप १०० वर उतरतात. सगळं चालू दिसतं. मेल येते, इंटरनेट चालतं, प्रिंट निघते. फक्त मोठी फाइल आली की दहापट वेळ लागतो.

याच पायरीवर आणखी एक जुना आजार सापडतो. कुणीतरी स्विचच्या किंवा कार्डाच्या सेटिंगमध्ये वेग आणि डुप्लेक्स हाताने पक्का करून ठेवलेला असतो आणि दुसरं टोक आपोआप ठरवण्यावर असतं. मग एक बाजू एकाच वेळी बोलते आणि ऐकते, दुसरी आळीपाळीने. लिंक लागलेली दिसते, पण माल वाढला की पार्सलं आपटत राहतात आणि वेग कोसळतो. दोन्ही टोकं ‘ऑटो’वर ठेवा.

दुसरी पायरी: फक्त नेटवर्क

आता डिस्क बाजूला ठेवून फक्त तार आणि स्विच मोजायचे. त्यासाठी आयपर्फ ३ नावाचं मोफत साधन आहे. अमेरिकेतल्या संशोधन संस्थांना जोडणाऱ्या ईएसनेट या नेटवर्कच्या लोकांनी ते लिहिलंय. मूळ लिनक्स वगैरेंसाठी, पण विंडोजवर चालणारे तयार संचही मिळतात. सर्व्हरवर ते ‘एस’ हा पर्याय देऊन चालू ठेवायचं, डेस्कटॉपवर ‘सी’ हा पर्याय आणि पुढे सर्व्हरचा आयपी पत्ता द्यायचा. ते दहा सेकंद मेमरीतून मेमरीत माल पाठवतं आणि आकडा सांगतं. डिस्कचा संबंध येत नाही. फायरवॉलमध्ये ५२०१ क्रमांकाचं पोर्ट तेवढ्यापुरतं उघडावं लागतं, काम झालं की बंद करायला विसरू नका.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, दोन्ही दिशांनी मोजा. नुसतं चालवलं तर माल डेस्कटॉपकडून सर्व्हरकडे जातो. मोठा ‘आर’ हा पर्याय दिला की उलट येतो. कधीकधी एका दिशेला ९४० आणि दुसऱ्या दिशेला २०० असं दिसतं, तेव्हा केबल किंवा कार्डाच्या ड्रायव्हरचा संशय घ्यायचा. दोन, दहा सेकंदांऐवजी साठ सेकंद चालवा. काही दोष थोडं तापल्यावरच दिसतात.

इथे ९४० च्या आसपास मेगाबिट आले, तर तुमची तार, स्विच, कार्ड सगळं ठीक. दोष असेल तर पुढे आहे.

तिसरी पायरी: फक्त डिस्क

आता नेटवर्क बाजूला. सर्व्हरची डिस्क सर्व्हरवर बसून आणि डेस्कटॉपची डिस्क डेस्कटॉपवर बसून मोजायची. क्रिस्टलडिस्कमार्कसारखं साधन विंडोजवर हे काम करतं. अंदाजे काय यायला हवं? ७२०० फेऱ्यांची चांगली हार्ड डिस्क सलग मोठी फाइल वाचताना सेकंदाला १५० ते २०० मेगाबाइट देते, पण ती भरत आली की आतल्या वर्तुळांवर वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. साटा एसएसडी ५०० च्या पुढे जाते. एनव्हीएमई हजारांत. आणि यूएसबी २ च्या पोर्टला लावलेली कुठलीही डिस्क ३० ते ४० च्या वर जात नाही, डिस्क कितीही भारी असो.

या आकड्यांवरून एक गोष्ट कळते. गिगाबिटच्या तारेवर ११२ च मिळणार असतील, तर ५००० ची एसएसडी सर्व्हरमध्ये घालून मोठ्या फाइलच्या कॉपीत काही फरक पडणार नाही. पैसे तिथे खर्च करायचे की नाहीत, हे मोजल्यावरच कळतं.

चौथी पायरी: खरी फाइल

शेवटी खरी कॉपी. इथे काळजी घ्यावी लागते, कारण इथले आकडे सर्वात जास्त फसवतात.

मोठी फाइल घ्या, पाच ते दहा जीबीची. खरा व्हिडिओ घ्या. काही लोक विंडोजच्या एका आज्ञेने क्षणात हव्या त्या आकाराची फाइल बनवतात, पण ती नुसत्या शून्यांची असते. ती वाचायला डिस्कला कष्टच पडत नाहीत, आकडा खोटा येतो.

वेळ घड्याळाने मोजा, कॉपीच्या खिडकीतल्या आकड्याने नाही. ती खिडकी त्या क्षणाचा वेग दाखवते. सुरुवातीला माल मेमरीत शोषला जातो म्हणून ती ३००-४०० दाखवते, मग मेमरी भरली की खाली येते. एकूण आकार भागिले एकूण सेकंद, हाच खरा वेग. विंडोजमधली रोबोकॉपी ही आज्ञा शेवटी वेळ आणि वेग दोन्ही छापते. फक्त ती मिनिटाला किती मेगाबाइट असाही आकडा देते. ६००० पाहून खूश होऊ नका, साठने भागा, सेकंदाला शंभर.

तीच फाइल दुसऱ्यांदा कॉपी केली की ती बऱ्याचदा डिस्कवरून न येता मेमरीतून येते आणि वेग वाढलेला दिसतो. म्हणून प्रत्येक वेळी वेगळी फाइल घ्या किंवा मशीन पुन्हा चालू करा. एक साधी खूण सांगतो. तार गिगाबिटची आहे आणि आकडा १२५ च्या वर आला, तर तुम्ही तार मोजतच नाही आहात, मेमरी मोजताय.

तीन वेळा मोजा आणि मधला आकडा धरा. सरासरी नको. एखाद्या वेळी मध्येच अपडेट सुरू झालं तर तो एक वाईट आकडा सरासरी बिघडवतो, मधला आकडा बिघडत नाही.

छोट्या फायलींचं गणित

आता या मोजणीत मोठी फाइल ११२ ने आली, तरीही लोक म्हणतात, ‘‘अमुक फोल्डर मात्र तासभर लागतो.’’ ते खोटं बोलत नसतात. तो फोल्डर उघडून बघा. आत हजारो छोट्या फायली असतात.

समजा ५० केबीच्या २०,००० फायली आहेत. एकूण माल सुमारे एक जीबी. सलग असता तर नऊ-दहा सेकंदांत आला असता. पण प्रत्येक फाइलसाठी मशीन सर्व्हरला विचारतं: उघडू का, आकार किती, परवानगी आहे का, वाचू का, बंद करू का. दर प्रश्नाला जाणं-येणं. त्यात अँटीव्हायरस प्रत्येक फाइल तपासणार. प्रत्येक फाइलमागे नुसते दहा मिलिसेकंद गेले, तरी २०,००० फायलींना २०० सेकंद. माल नऊ सेकंदांचा आणि विचारपूस २०० सेकंदांची.

यावर नवीन केबलचा काही उपयोग नाही. उपाय दोन. एक, फोल्डरची एक झिप करून मग न्यायची. दोन, रोबोकॉपीला एकाच वेळी अनेक फायली उचलायला सांगायचं, तिच्यात तशी सोय आहे. म्हणून मोजणी करताना नेहमी दोन संच ठेवा: एक मोठी फाइल आणि एक छोट्या फायलींचा फोल्डर. दोघांचे आकडे वेगळे लिहा.

हेच गणित अंतर वाढलं की अंगावर येतं. कुणाचं मुख्य ऑफिस पुण्याला, शाखा हजार किलोमीटरवर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटर जाऊन यायला कमीत कमी दहा मिलिसेकंद. प्रत्यक्षात रस्ता वळणाचा असतो, वीस धरा. एका फाइलला पाच वेळा विचारपूस झाली तर शंभर मिलिसेकंद. त्या २०,००० फायलींना २००० सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त. इंटरनेटचा प्लॅन दुप्पट केला तरी हा वेळ कमी होत नाही, कारण तो वेगाचा प्रश्नच नाही, अंतराचा आहे.

वही

हे सगळं वहीत लिहा. तारीख, वेळ, मशीन, दिशा, संच, सेकंद, वेग. वेळ महत्त्वाची. सकाळी साडेआठला कुणी नसताना एकदा मोजा आणि साडेअकराला सगळे कामात असताना एकदा. आणि जेव्हा सगळं छान चाललंय, तेव्हाही एकदा मोजून ठेवा. ताप किती आहे हे सांगायला आधी अंग गार असताना किती होतं ते माहीत हवं ना!

आता बडोद्याला परत

मी ८ जीबीचा एक व्हिडिओ घेतला आणि सकाळी ऑफिस उघडायच्या आधी एकेका मशीनवर उतरवला. सहा मशीनवर वेळ आला ७४ ते ८१ सेकंद. म्हणजे १०० ते ११० चा वेग. उत्तम.

काकांच्या मशीनवर १२ मिनिटं १४ सेकंद. सेकंदाला ११ मेगाबाइट.

मशीन नवीन, एसएसडी नवीन. लिंक बघितली तर १०० एमबीपीएस. टेबल सरकवलं, भिंतीतलं सॉकेट उघडलं. पूर्वी तिथे रिसेप्शन होतं. कुणीतरी इंटरकॉमसाठी वेगळी वायर ओढण्याऐवजी त्याच केबलमधली निळी जोडी काढून फोनला दिली होती. इंटरकॉम केव्हाच गेला होता, निळी जोडी मात्र तशीच सुटी लोंबत होती. काम फक्त दोन तारा परत बसवण्याचं. दोन्ही टोकं नीट पंच केली, वीस मिनिटं लागली. पुन्हा मोजलं, ७६ सेकंद.

आता हे वेळेत मांडा. एका लग्नाचे फोटो ६४ जीबी. बाकीच्यांना ते उतरवायला दहा मिनिटं लागायची, काकांना एक तास ३८ मिनिटं. तयार काम परत सर्व्हरवर चढवायला पुन्हा तसंच. म्हणून ते आठला येत होते. मी मालकांना वही दाखवली. ते बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. मग उठून काकांच्या टेबलापाशी गेले. काय बोलले ते मी ऐकलं नाही, ऐकायचं कारणही नव्हतं. काका मला एवढंच म्हणाले, ‘‘मला वाटलं, फायलीच आता मोठ्या झाल्यात.’’

मंडळी, नवीन मशीन दिलं तरी तेच, म्हणून दोष माणसाचा, असा निष्कर्ष निघाला होता. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. फक्त कुणी मोजलं नव्हतं.

मग ‘‘सगळंच स्लो’’ या तक्रारीचं काय? तीही खरी होती. साडेअकराला पाच मशीनवर एकदम कॉपी लावली. प्रत्येकाला २२ मिळाले. पाच गुणिले २२, एकूण ११०. म्हणजे सर्व्हर त्याच्या एका गिगाबिटच्या तारेवर जेवढं देता येतं तेवढं सगळं देत होता. नवीन सर्व्हर आणून त्याच एका तारेला लावला असता, तर बेरीज तीच आली असती. उपाय काय केला? दुसऱ्या दिवशी कोणाला कोणतं लग्न लागणार हे संध्याकाळीच ठरवायचं आणि पहाटे रोबोकॉपीने ते त्या-त्या मशीनवर आपोआप उतरवून ठेवायचं. खर्च शून्य.

मोजता मोजता आणखी एक गोष्ट सापडली आणि खरं तर तीच सर्वात गंभीर होती. सर्व्हरचा रात्रीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर जायचा. एकूण माल २ टीबी, रोज पूर्ण कॉपी. ती डिस्क मोजली, वेग ३५. वीस लाख मेगाबाइट भागिले ३५, जवळजवळ सोळा तास. रात्री नऊला सुरू झालेला बॅकअप सकाळी दहाला अर्धवटच असायचा आणि ‘‘सर्व्हर स्लो होतोय’’ म्हणून कुणीतरी तो बंद करायचं. रोज. म्हणजे त्या ऑफिसकडे पूर्ण झालेला बॅकअप कित्येक महिन्यांत नव्हता आणि हे कुणालाच माहीत नव्हतं. लोकांच्या लग्नाचे फोटो, जे परत काढता येत नाहीत.

कारण? डिस्क यूएसबी २ च्या पोर्टला होती. शेजारचं निळं यूएसबी ३ चं पोर्ट रिकामं होतं. वायर काढून शेजारी लावली, सरासरी वेग १२० वर गेला. पूर्ण कॉपी पाच तासांच्या आत. त्यानंतर रोज फक्त बदललेल्या फायली आणि आठवड्यातून एकदा पूर्ण, अशी घडी बसवली.

तेव्हा ऑफिसमध्ये हा भागाकार एकदा कराच: एकूण माल भागिले मोजलेला वेग. तो रात्रीत मावतो का? आणि उलट दिशेनेही करा. उद्या डिस्क गेली तर सगळं परत आणायला किती तास लागतील? हा आकडा संकटाच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेला बरा.

नेहमीचे तीन प्रश्न

वायफायवर का मोजू नये? मोजा, पण वेगळ्या पानावर. वायफायवर हवा सगळ्यांची एकच असते, एका वेळी एकानेच बोलायचं. लिंकमध्ये जो मोठा आकडा दिसतो त्याच्या साधारण निम्माच हाती येतो, आणि तोही भिंत, अंतर, शेजारचं राउटर यांवर हलतो. मोठ्या फायलींचं रोजचं काम असेल तर केबलच हवी.

अडीच गिगाबिटची कार्डं घ्यावीत का? तुमची पाचवी ई प्रकारची केबल त्यांना चालते, भिंत फोडावी लागत नाही. पण कार्ड आणि स्विच दोन्ही तसे हवेत. आणि मग तार २८० च्या आसपास देऊ शकेल, तेव्हा सर्व्हरमधली एकटी हार्ड डिस्क अडेल. म्हणून तिसरी पायरी आधी.

विंडोज अपडेट झाल्यावर जुन्या नॅसचा वेग कमी झाला, असं का? विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आणि एंटरप्राइझमध्ये फाइल शेअरिंगच्या प्रत्येक पार्सलवर सही करणं सक्तीचं झालंय. मध्येच कुणी माल बदलू नये म्हणून ती सही असते. जुन्या नॅसचा प्रोसेसर त्यात दमतो. ती बंद करायचा सल्ला मी देणार नाही. आधी आणि नंतरचे आकडे काढा, फरक कामाला जाचत असेल तर नॅस बदलायचा विचार करा.

तर मंडळी, या आठवड्यात एवढंच करा. सगळ्या मशीनची लिंक बघा, प्रत्येकी पाच मिनिटांचं काम. मग एक मोठी फाइल, एक घड्याळ, एक वही. आणि ऑफिसमध्ये कुणी हळू काम करतंय असं वाटत असेल, तर आधी त्याच्या टेबलाखालची केबल बघा.